जुनं नाशिक पायी फिरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाशकात मी गेली काही वर्षं पायी हिंडतो, कधी एकटा, कधी चारदोन जणांना घेऊन. त्यातून लोकांचे प्रश्न येत राहतात, आणि गंमत म्हणजे तेच तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जुनं नाशिक म्हणजे नेमकं कुठलं? पंचवटी त्यात येते का?

गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. या वळणाच्या पूर्वेला पंचवटी आणि पश्चिमेला जुनं गाव. यात्रेकरू बहुतेक पंचवटीत उतरतात, काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर करतात आणि परत जातात. या पानाचा रोख मुख्यतः पश्चिमेकडच्या गावावर आहे: रविवार कारंजा, सराफ बाजार, दहीपूल, तांबट लेन, तिवंधा, भद्रकाली आणि तिथून नदीकाठच्या जुन्या गढीपर्यंत. मोगलाईत या गावाचं नाव गुलशनाबाद होतं. वेशींची नावं लोकांच्या तोंडी अजून आहेत: दिल्ली दरवाजा, त्र्यंबक दरवाजा, भगूर दरवाजा, नाव दरवाजा. दरवाजा शोधायला गेलात तर चौक आणि रिक्षा सापडतील.

२. सुरुवात कुठून करू? किती वेळ लागेल?

रविवार कारंजापासून. नाशिकरोड स्टेशन इथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. तिथून सिटीलिंकची बस शालिमारला किंवा पंचवटीत निमाणीला सोडते, तिथून चालत या. स्वतःची गाडी आणू नका. आणलीत तर अर्धा वेळ ती कुठे लावायची यातच जाईल.

माझा नेहमीचा रस्ता असा: रविवार कारंजावरून नदीच्या दिशेला सुंदरनारायण मंदिर, मग मागे फिरून सराफ बाजार, सरकारवाडा, दहीपूल, तांबट लेन, तिवंधा चौक, भद्रकाली, जुनी गढी आणि शेवटी घाटानं वर रामकुंड. अंतर तीन-चार किलोमीटरच आहे, पण तीन तास हाताशी ठेवा. सकाळी साडेसहाला निघालात तर दुकानांची शटर खाली असतात, त्यामुळे वरच्या मजल्यांचं लाकूडकाम दिसतं. दहानंतर फलक, छत्र्या आणि दुचाक्यांमधून मान वर करायलाही जागा उरत नाही.

३. सपाट दिसणाऱ्या गावात पाय का दुखतात?

कारण गाव सपाट नाहीच. ‘नाशिक नव टेकांवरी वसविले’ अशी जुनी म्हण आहे. टेक म्हणजे टेकाड. जुनी गढी हा त्यातला एक, चित्रघंटा हा दुसरा. डिंगर आळी, सोनार आळी हीसुद्धा टेकांचीच नावं. आता त्यावर घरं इतकी दाट आहेत की टेक डोळ्यांना दिसत नाही, तो पायांनाच कळतो.

मला विचाराल तर जुनं नाशिक समजून घेण्याची खरी किल्ली ही आहे. चालताना चढ लागला की थांबा आणि मागे वळून बघा. उंचावर जुनी वस्ती, देऊळ नाहीतर मोठा वाडा असतो. उतार संपतो तिथे बाजार असतो किंवा पाणी. गटाराचं पाणी कुठे वाहतंय, पायऱ्या कुठल्या बाजूला उतरतात, कुठल्या घराचं जोतं कमरेएवढं आणि कुठल्याचं रस्त्याला टेकलेलं, एवढं बघितलं तरी नकाशाची गरज पडत नाही. प्रश्न ७ आणि ११ ची उत्तरं याच चढउतारातून निघतात.

४. नाशिक हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून आलं की नऊ टेकांवरून?

नाकाची कथा सगळ्यांना माहीत आहे, आणि ‘नव शिखा’ची व्युत्पत्तीही अनेक जण सांगतात. दोन्हींपैकी एक निवडायच्या भानगडीत मी पडत नाही. नाव निदान दोन हजार वर्षं जुनं आहे हे मात्र दगडावर कोरलेलं आहे. गावाबाहेरच्या पांडवलेण्यांमधल्या (प्रश्न १६) अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहावर, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहावर, ब्राह्मीत एक दानलेख आहे. त्यात नाशिककरांच्या धंभिक गावानं दान दिल्याचा उल्लेख येतो. म्हणजे सातवाहनांच्या काळातही हे लोक स्वतःला नाशिकचेच म्हणवत होते.

५. जुनी गढी म्हणजे तो मातीचा ढिगारा ना? त्यात बघण्यासारखं काय आहे?

माझ्या मते अख्ख्या नाशकात बघण्यासारखं तेच आहे. नदीच्या काठावर मातीचा उंच कडा उभा आहे आणि त्यावर घरं आहेत. लोक त्याला काझीची गढी असंही म्हणतात. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. खाली ताम्रपाषाण काळातली रंगवलेली खापरं आणि गारगोटीची बारीक हत्यारं, त्यावर सातवाहनांचा थर, त्यावर पुढचे थर अशी माणसांच्या राहण्याची चळत निघाली. थोडक्यात, हा टेक निसर्गानं जेवढा घडवला तेवढाच माणसांनीही. घर पडलं, त्याच मातीवर दुसरं बांधलं, असं तीन-साडेतीन हजार वर्षं.

गढी खालून, नदीच्या बाजूनं बघा. कड्याच्या कापात मातीचे रंग बदलताना दिसतात: पिवळसर, मग राखेसारखा करडा पट्टा, मग खापरांचे तुकडे अडकलेला थर. एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात मला त्यात मडक्याचा काठ स्पष्ट दिसला, बोटभर बाहेर आलेला.

दोन सूचना. कड्याला हात लावू नका आणि काहीही उपसून खिशात घालू नका. पावसाळ्यात तर जवळही जाऊ नका. दरवर्षी पावसात माती ढासळते आणि वर राहणाऱ्या कुटुंबांना जागा सोडण्याच्या नोटिसा येतात. तिथे माणसं राहतात, आणि त्यांच्यासाठी हा कडा जिवाची धास्ती आहे हे ध्यानात ठेवून वागा.

६. गल्ल्यांच्या नावांना काही अर्थ आहे का?

जवळपास प्रत्येक नावाला आहे, आणि नाशकात गल्लीला ‘लेन’ म्हणायची सवय आहे हेही लक्षात घ्या. पगडबंद लेनमध्ये पगड्या बांधणारे, हुंडीवाला लेनमध्ये हुंड्यांचा व्यवहार करणारे, तांबट लेनमध्ये तांब्यापितळेची भांडी घडवणारे. पिंजारघाटाला कापूस पिंजणाऱ्यांचं नाव आहे, आणि तिथेच बडी दर्गा आहे. भांडी बाजार, सराफ बाजार, दूध बाजार यांचं वेगळं सांगायला नकोच.

पगड्या गेल्या, हुंड्या गेल्या. तांबट लेनमध्ये ठोक्यांचा आवाज अजून कानावर पडतो, पण पूर्वी गल्लीत शिरण्याआधीच ऐकू यायचा तसा नाही. ऐकू आला तर पाच मिनिटं उभे राहा. कारागीर हंडा खुंट्यावर फिरवत एकाच लयीत ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्याचा छोटा गोल ठसा शेजारच्या ठशाला अर्धवट चिकटून बसतो. यंत्रावर दाबलेल्या भांड्यावर ठसे असलेच तर ते अगदी सारखे असतात. हातच्या कामात तसे नसतात.

७. दहीपुलावर पूल कुठे आहे?

तुम्ही त्यावरच उभे आहात. खालून सरस्वती नाला वाहतो. तो झाकून टाकल्यामुळे दिसत नाही, एवढंच. गावातल्या उताराचं पाणी या नाल्यानं गोदावरीला मिळतं. जोराचा पाऊस झाला की नाला आपण कुठे आहोत ते दाखवून देतो: दहीपूल, भांडी बाजार, सराफ बाजार या भागात गुडघ्याएवढं पाणी होतं आणि दुचाक्या वाहत जातात. दरवेळी ‘अचानक पाणी आलं’ अशी बातमी छापून येते. अचानक काय त्यात, प्रवाहाच्या वाटेतच बाजार आहे.

८. वाड्यांमध्ये आत जाऊन बघता येतं का?

परवानगी घेऊन. वाडा म्हणजे कुणाचं तरी राहतं घर. एकदा तांबट लेनच्या जवळ एका वाड्याची देवडी ओलांडून मी मुकाट्यानं आत गेलो होतो आणि तुळईवर कोरलेली कमळं बघत चौकात उभा राहिलो. ओसरीवर एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘विकायचा नाहीये.’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मान वर करून वाडा न्याहाळणारा अनोळखी माणूस म्हणजे दलाल, असाच इथे अनुभव आहे. भाऊबंदकी, भाडेकरूंचे खटले, बिल्डरांचे निरोप यांनी ही घरं गांजली आहेत.

तेव्हापासून दिंडी दरवाज्यातूनच हाक मारतो: ‘काकू, वाडा जुना दिसतोय, जरा चौकापर्यंत येऊन बघू का?’ निम्म्या वेळा हो म्हणतात, आणि एकदा हो म्हटलं की चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. नाही म्हणाले तर नमस्कार करून निघा. महापालिकेनं ‘धोकादायक’ अशी पाटी लावलेल्या वाड्यात मात्र कुणी बोलावलं तरी जाऊ नका.

९. वाड्यात नेमकं काय बघायचं?

चौकटीवरची गणेशपट्टी, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, खांबांच्या माथ्यावरचे हस्त आणि त्यांना लोंबणारी केळफुलं. भिंतीचा पोपडा उडाला असेल तर आत विटा आहेत की पांढऱ्या मातीचे भेंडे तेही बघा. कुणाला विचारायचं धाडस होत नसेल तर सरकारवाड्यापासून सुरुवात करा. सराफ बाजाराजवळचा हा पेशव्यांचा वाडा. इंग्रजी अमलातही सरकारी कचेऱ्यांसाठी वापरला गेला, म्हणून त्याला हे नाव. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. तेही बराच काळ याच वाड्यात होतं.

१०. रहाड काय प्रकार आहे? एरवी ती बघायला मिळते का?

रहाड म्हणजे चौकातला दगडी बांधणीचा हौद, पेशवेकाळापासूनचा. नाशकात रंग खेळायचा तो धुळवडीला नाही, रंगपंचमीला. त्याच्या एक-दोन दिवस आधी रहाड उघडतात, साफ करतात, पूजा करतात आणि रंगाचं पाणी भरतात. मग काठावरून त्यात उडी टाकायची. तिला इथे ‘धप्पा’ म्हणतात. धप्पा बसला की काठावरचे सगळे नखशिखांत भिजतात. शनी चौक, दिल्ली दरवाजा आणि तिवंधा चौक इथल्या रहाडी प्रसिद्ध आहेत, आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो.

एरवी ती दिसत नाही. सण संपला की लाकडी ओंडके टाकून वर माती लोटतात, आणि वर्षभर लोक त्यावरून बिनदिक्कत गाड्या नेतात. तिवंधा चौकात उभे राहून कुणाही दुकानदाराला विचारा, तो पायानं जागा दाखवील. धुळवडीला आलात तर रंगाऐवजी दाजीबा वीरांची मिरवणूक बघायला मिळेल, बाशिंग बांधलेल्या वीराची.

११. पावसाळ्यात यावं का?

या, पण गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी बघून. आम्हा नाशिककरांना किती क्युसेक सोडलं या आकड्यापेक्षा मारुती जास्त कळतो. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा भाषेत इथे फोनवर पूर सांगतात. मारुती बुडाला की पंचवटीकडचे आणि सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. त्याच्याही पुढचं माप म्हणजे नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेला (प्रश्न १२) पाणी लागणं, तो महापूर. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती बुडालेला लोकांनी पाहिला आहे.

पूर बघायला घाटाच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही, पुलावर थांबायचं.

१२. रामकुंड सोडून घाटावर काय आहे?

रामकुंड सोडूनच जास्त आहे. नारोशंकराचं मंदिर १७४७ सालचं, नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेलं. देव रामेश्वर, पण गावात कुणी तसं म्हणत नाही. कोटाच्या दरवाज्यावर टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी चर्चमधल्या घंटा आणून देवळांत लावल्या, त्यातलीच ही.

कपूरथळ्याच्या महाराजांचं स्मारकही इथेच. पंजाबातल्या राजाचं नाशकात काय काम, असं सगळे विचारतात. महाराज रणधीर सिंग १८७० मध्ये विलायतेला निघाले आणि एडनजवळ वारले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार नाशकात गोदाकाठी झाले.

सुंदरनारायण मंदिर १७५६ सालचं. २१ मार्चच्या आसपास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात. गर्दी नको असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी नदीकाठी आठवडे बाजार भरतो. मला स्वतःला तो बाजार आवडतो.

सांडव्यावरची देवीही चुकवू नका. सांडवा म्हणजे पात्रातला ठेंगणा दगडी बांध. पूल नव्हते तेव्हा याच्यावरूनच लोक पलीकडे जात. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो.

१३. रामकुंडावर फोटो काढले तर चालतात?

घाटाचे, देवळांचे खुशाल काढा. दशक्रियेला बसलेल्या, अस्थी सोडायला आलेल्या माणसांचे काढू नका. कुणी अडवणार नाही, तरीही.

१४. काळाराम मंदिर तर सगळ्यांनाच माहीत आहे. त्यात अपरिचित काय?

दरवाजा. मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी रामशेजच्या काळ्या दगडात बांधलं, १७९० च्या सुमारास पूर्ण झालं, हे मार्गदर्शक सांगतातच. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दरवाज्यांसमोर मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. आत जाण्याआधी बाहेरून कोटाला एक पूर्ण फेरी मारा. चार दिशांचे दरवाजे, उंच भिंत आणि अरुंद रस्ते बघितले की हजारो सत्याग्रही बाहेर बसलेत आणि दारं आतून बंद आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

चैत्रातल्या कामदा एकादशीला राम आणि गरुड असे दोन रथ निघतात. रथाच्या पुढे पुजारी रथाकडे तोंड करून उलटे चालतात. तेवढा एक दिवस तरी गाठाच.

१५. स्वातंत्र्यलढ्याच्या खुणा कुठे आहेत?

तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिर आहे, सावरकर बंधूंच्या चळवळीचं ठिकाण. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद नाट्यगृहात, नाटकाच्या प्रयोगाला जॅक्सन आला असताना. दोन्ही जागा एकमेकींपासून चालत काही मिनिटांवर आहेत. चळवळीची जागा आणि त्या गोळीबाराची जागा इतक्या जवळ, हे चालल्याशिवाय खरं वाटत नाही.

१६. पांडवलेणीही याच फेरीत होतील का?

नाही. ती गावापासून आठेक किलोमीटर दक्षिणेला, त्रिरश्मी डोंगरावर आहेत आणि पायऱ्यांचा चढ आहे. वेगळी सकाळ ठेवा. चोवीस लेण्यांपैकी तिसरं, दहावं आणि अठरावं नीट बघा (अठराव्याचं कारण प्रश्न ४ मध्ये आहे). दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवी म्हणून ठेवले: २००० दरमहा शेकडा एक दरानं, १००० शेकडा पाऊण दरानं. व्याजातून भिक्षूंचा खर्च भागायचा. म्हणजे मुदत ठेवीची पावतीच, डोंगरात कोरलेली. हे गोवर्धन आजही नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर रस्त्यावर आहे.

१७. आईबाबांना गुडघ्याचा त्रास आहे. त्यांना घेऊन येऊ का?

या, पण प्रश्न २ मधला रस्ता उलटा करू नका. उलट्या दिशेनं गढीकडून गावात चढावं लागतं. सरकारवाड्यापर्यंत येऊन थांबा आणि तिथून रिक्षानं रामकुंडावर जा. स्वच्छतागृहांची बोंब आहे, हे आधीच सांगून ठेवतो. निघण्यापूर्वी उरकून घ्या.

१८. बाई एकटी फिरली तर अडचण येते का?

माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी सकाळी एकट्या फिरतात. त्यांचं म्हणणं असं की गल्लीत कुणी त्रास देत नाही, पण ‘कोणाकडे आलात?’ हे दहा जण विचारतात. ‘देवळं बघायला आले’ म्हटलं की पुढचा रस्ता तेच दाखवतात. अंधार पडल्यावर घाटाच्या निर्जन टोकाला, विशेषतः गढीखाली, कुणीच एकट्यानं जाऊ नये, पुरुषानंही.

१९. सिंहस्थाच्या, म्हणजे कुंभमेळ्याच्या, वर्षात येणं शहाणपणाचं आहे का?

हे चालणं करायचं असेल तर नाही. मागचा सिंहस्थ २०१५ ला झाला, पुढची मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात. पर्वणीच्या दिवसांत गावात एकेरी मार्ग आणि लाकडी अडथळे असतात. गर्दी ढकलेल तिकडे जायचं, पायाखालचा टेक कुठला कळणार! त्याआधीही घाटावर बांधकामं चालू असतात, तेव्हा एखादी वाट बंद मिळाली तर गोरेराम लेनच्या बाजूनं उतरून बघा.

२०. मोबाइलचा नकाशा रस्ता दाखवतो तिथे भिंत निघाली. आता?

ती बहुतेक बोळ असते आणि एखाद्या वाड्याच्या पोटातून जाते. काही बोळ दिवसा उघडे असतात, रात्री दार लावतात. समोरच्या ओट्यावर जो बसला असेल त्याला विचारा. नाशिककर ‘सरळ जा’ म्हणाला तरी हात मात्र डावीकडे करील. तेव्हा हाताकडे बघा.